गाडीच्या पोटातला गंज

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण. शेवटी श्रोत्या मैत्रिणींनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



वैशाख अर्धा सरला की आपल्या किनारपट्टीवर आगोटीची गडबड सुरू होते. कौलं परतून होतात, पडवीला झडी बांधल्या जातात, लाकूडफाटा आत येतो, आमसुलं आणि सुकी मासळी डब्यांत भरली जाते. या यादीत आज मला आणखी एक काम घालायचं आहे. दारात उभ्या असलेल्या जुन्या गाडीला पावसाआधी आतून कोरडं करायचं आणि तिच्या पोकळ्यांत गंज रोखणारं मेण सोडायचं. वर्षातून एकदा करायचं काम आहे, पण ते केलं नाही तर चार-पाच पावसाळ्यांत गाडी हातची जाते.

आपल्यापैकी कितीतरी जणींचं पोट आज गाडीवर चालतं. कुणी ओम्नीतून शाळेची मुलं पोचवते, कुणी पहाटे बंदरावरून मासळी उचलून बाजार गाठते, कुणी डबे देते. कुणाच्या घरी सासऱ्यांच्या वेळची मारुती ८०० अजून दवाखान्याच्या फेऱ्या करते. मारुती ८०० रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये आणि तिचं उत्पादन थांबलं २०१४ च्या सुरुवातीला. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये बंद झालं. म्हणजे या गाड्या आता नव्या मिळणार नाहीत. आहे तीच सांभाळायची आहे. इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं, टायर बदलता येतो, बॅटरी नवी मिळते. पत्रा मात्र एकदा आतून खाल्ला गेला की सगळी गाडीच थकते.

गाडीला पोकळ्या कशाला?

ट्रकला खाली जाडजूड लोखंडी सांगाडा असतो. छोट्या मोटारीला बहुधा तसा वेगळा सांगाडा नसतो. तिची ताकद पत्र्याच्या घडणीत असते. हा पत्रा जाड नसतो. बाहेरचा तर साधारण पाऊण मिलिमीटरचाच. मग एवढ्या पातळ पत्र्याला बळ येतं कुठून? आपण करंजी करतो तेव्हा पारीची घडी घालून कडा दाबतो आणि मुरड घालतो. गाडीच्या कारखान्यात पत्र्याचे दोन तुकडे असेच समोरासमोर ठेवतात आणि कडेकडेने ठिपक्यांसारखं वेल्डिंग करतात. आत पोकळ पेटी तयार होते. बांबू पोकळ असूनही वाकत नाही, तसंच या पेटीचं असतं.

अशा पेट्या गाडीत सगळीकडे आहेत. दाराखाली आपण पाय ओलांडून आत बसतो तो गाडीचा उंबरठा, ज्याला गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात, तो पोकळ आहे. चारही दारं पोकळ आहेत. दोन दारांमधला खांब पोकळ, जमिनीखालून जाणाऱ्या लांब पट्ट्या पोकळ, बॉनेटच्या आणि डिकीच्या झाकणाच्या कडा पोकळ. गाडी धुताना आपला हात या जागांच्या बाहेरूनच फिरतो. आत काय चाललं आहे हे वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही.

गंजाला काय लागतं?

लोखंड गंजायला दोन गोष्टी पुरतात, पाणी आणि हवेतला प्राणवायू. दोन्हींपैकी एक तोडली की गंज थांबतो. रंग हेच काम करतो. तो पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोचू देत नाही. या दोघांत मीठ मिसळलं की गंजाचा वेग कितीतरी वाढतो, कारण खारट पाण्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह सहज वाहतो आणि गंजणं म्हणजे मुळात तशीच विद्युत-रासायनिक क्रिया आहे.

आता आपल्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. पावसाळ्यात झाकण लावलं तरी तिला पाणी सुटतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर आर्द्रता ३३ टक्क्यांच्या पुढे गेली तरी पाणी ओढतं. म्हणून कच्चं मीठ जास्त पाझरतं. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर हेच मीठ गाडीच्या पोकळीत जाऊन बसतं. मग पाऊस नसला तरी आतला पत्रा ओलसर राहतो. आपल्याला वाटतं, महिनाभर गाडी कोरडी उभी आहे. आतल्या मिठाला ते ठाऊक नसतं.

शिवाय बाहेरचं मीठ पावसाने धुऊन जातं. पोकळीत पावसाची धार पोचत नाही, त्यामुळे आतलं मीठ साचत जातं. बाहेरून चकचकीत असलेली गाडी आतून का पोखरलेली निघते, याचं हे एक मोठं कारण आहे.

दुसरं कारण कारखान्यातलं. गाडीचा पत्र्याचा सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवतात, पण पोकळीच्या कोपऱ्यांत हवेचे फुगे अडकतात, दोन पत्रे जिथे एकमेकांवर दाबलेले असतात त्या फटीत प्रायमर नीट शिरत नाही. वरचा रंग तर फक्त बाहेरून फवारलेला असतो. ज्या फटीत रंग शिरत नाही तिथे पाणी मात्र शिरतं, कारण पाणी अरुंद फटीत आपोआप ओढलं जातं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. एकदा शिरलं की तिथून वाळायला फार वेळ लागतो.

तिसरं कारण दव. दिवसा तापलेली गाडी रात्री थंड होते. पोकळीतली दमट हवा गार पत्र्याला लागली की आतून थेंब जमतात. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतात तसेच.

पाणी आत जाणारच, ते बाहेर पडलं पाहिजे

ही गोष्ट खूप जणींना नवी वाटेल. दाराच्या काचेवरून ओघळणारं पाणी काचेच्या कडेच्या रबराजवळून दाराच्या आत उतरतं. रबर नवं असलं तरी थोडं उतरतंच. गाडी बनवणाऱ्यांना हे माहीत असतं. म्हणून त्यांनी प्रत्येक दाराच्या खालच्या काठाला छोटी भोकं ठेवलेली असतात. उंबरठ्याच्या तळालाही असतात. पाणी वरून आत येतं आणि खालून निघून जातं. घराच्या पन्हळीसारखी ही व्यवस्था आहे.

पन्हळीत पातेरा अडकला की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. गाडीतही तेच होतं. आपली तांबडी माती, वाळू, झाडाचा पातेरा, रबराचा चुरा त्या भोकांत बसतो. पाणी आत तुंबतं. वर चिखलाचा थर बसतो आणि तो ओल्या फडक्यासारखा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. गंजाची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते, दाराच्या खालच्या चार बोटांत आणि उंबरठ्याच्या तळाशी.

गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून तो आतून फुगतो आणि बाहेरच्या रंगाला फोड येतो. आपण म्हणतो, इथे थोडा गंज लागलाय, जरा घासून रंग मारू. पण तो फोड दिसतो तेव्हा बहुतेक वेळा आतलं काम पुरतं झालेलं असतं. बाहेरून घासून, लांबी भरून, रंग मारला की फक्त खूण पुसली जाते.

हे एवढं महत्त्वाचं का?

कारण हा प्रश्न दिसण्याचा नाही. बाजूने धक्का बसला तर उंबरठा आणि मधला खांब यांनी माणसांना वाचवायचं असतं. सीटबेल्टचे बोल्ट याच भागांत घट्ट केलेले असतात. पंक्चर काढताना जॅक उंबरठ्याच्या काठाला लावायचा असतो. किनाऱ्यावरच्या जुन्या गाड्यांत हे चित्र नवं नाही: गाडी ताज्या रंगात चमकते आहे, जॅक लावला, दोन पेड मारले आणि जॅक पत्र्यात शिरला, गाडी जागची हलली नाही. जिथे जॅक टिकत नाही तिथे सीटबेल्टचा बोल्ट झटका कसा सोसणार? आणि मागे शाळेची आठ-दहा मुलं बसलेली असतात.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि पुढे दर ५ वर्षांनी. तेव्हा आरटीओत गाडीची तपासणी होते. शाळेच्या किंवा भाड्याच्या गाडीला फिटनेसची तपासणी त्याहून वारंवार असते. तपासणारा अधिकारी ब्रेक, दिवे, धूर पाहतो, पत्राही पाहतो. पण पोकळीच्या आत डोकावणं त्याच्याही हातात नसतं. तिथे लक्ष ठेवणं आपलंच काम.

आधी गाडी पाहा

पाहायला हत्यारं लागत नाहीत. सकाळी उजेडात, गाडी थंड असताना सुरू करा.

दार उघडून जोरात पुढे-मागे हलवा. आत पाणी डुबडुबल्याचा आवाज आला तर भोकं बुजली आहेत. दाराच्या खालच्या काठावरून बोट फिरवा. तपकिरी ओघळ, फुगलेली कड, रंगाखाली खडबडीतपणा लागला तर नोंद करा.

पायाखालचे रबरी मॅट आणि खालचं कापड उचला. ओल असेल, कुबट वास असेल तर पाणी कुठूनतरी येतंय. पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि रेनकोट आपण तिथेच टाकतो, हेही लक्षात घ्या.

उंबरठा खालून बोटाच्या गाठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणक वाजतो, खराब झालेला भद्द वाजतो, कधी आतून पापुद्रे सळसळल्यासारखा आवाज येतो. मग फ्रिजवरचं एखादं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून सगळीकडे फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. जुनी गाडी विकत घ्यायला जाताना हे चुंबक पर्समध्ये जरूर ठेवा. विकणाऱ्याने ताजा रंग मारलेला असेल तर विशेष.

ओम्नीवाल्यांनी सरकत्या दाराची खालची पट्टी नीट पाहावी. तिथे वाळू साठते. मारुती ८०० वाल्यांनी डिकीत स्टेपनी उचलून तिच्याखालचा खोलगट भाग पाहावा.

आणि पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बॉनेटच्या मागच्या काठाला, एक पन्हळ असते. आंब्या-फणसाखाली गाडी उभी असेल तर ती पाल्याने भरलेलीच असणार. ती रिकामी करा.

धुणं आणि वाळवणं

बुजलेली भोकं खराट्याच्या हिराने किंवा बांबूच्या काडीने उघडा. स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका, त्याने काठाचा रंग खरवडतो आणि तिथूनच नवा गंज सुरू होतो. काही भोकांना रबरी बुचं असतात. ती काढून पाहायला हरकत नाही, मात्र काम झाल्यावर परत बसवायची. बूच हरवलं तर भोक उघडं ठेवू नका, तसंच दुसरं बूच मिळतं.

मग गोड्या पाण्याने आतून धुवायचं. काचेच्या फटीतून दारात तांब्यातांब्याने पाणी सोडा आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडत राहा. उंबरठ्यात वरच्या भोकातून पातळ नळीने पाणी जाऊ द्या. आधी लाल गढूळ पाणी येईल. ते निवळलं की बरंचसं मीठ आणि माती निघाली असं समजा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते मात्र वापरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, वाळवणं. पापड पूर्ण वाळल्याशिवाय आपण डब्यात भरत नाही. इथेही तोच नियम आहे. ओलाव्यावर मेण मारलं तर ओलावा आत कोंडला जातो. दारं, डिकी उघडी ठेवून गाडीला दोन-तीन दिवस चांगलं ऊन द्या. म्हणून हे काम एप्रिल-मे महिन्यात करायचं, मृग लागायच्या आत. ओळखीच्या गॅरेजमध्ये एअर कॉम्प्रेसर असेल तर पोकळ्यांत हवा मारून घ्या, काम लवकर होतं.

पोटात काय सोडायचं?

बाजारात पोकळीसाठीचं खास मेण मिळतं. त्याला कॅव्हिटी वॅक्स म्हणतात. मोठ्या शहरांतल्या ऑटोच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन त्याचे स्प्रेचे डबे मिळतात. डब्याबरोबर लांब पातळ नळी असते आणि तिच्या टोकाला चारी बाजूंना फवारणारं तोंड असतं. हे तोंड असलेलाच डबा घ्या, नाहीतर मेण फक्त समोर उडतं आणि बाजूच्या भिंती कोरड्या राहतात. आत गेल्यावर मेणातलं पातळ द्रव्य उडून जातं आणि पत्र्यावर मऊ, न तडकणारा थर राहतो. तो कडक होत नाही हाच त्याचा गुण आहे. गाडी हादरते तेव्हा कडक थराला भेगा पडतात, मऊ थराला नाही.

दुसरा प्रकार लॅनोलिनचा. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण. बाळंतिणीला स्तनाग्रं चिरली की डॉक्टर जे मलम देतात, त्यात बरेचदा हेच असतं. पावसात मेंढीची लोकर भिजून जाऊ नये म्हणून निसर्गाने दिलेला हा लेप पत्र्यालाही चांगला चिकटतो आणि फटींत हळूहळू पसरतो.

गंज आधीच लागलेला असेल तर पहिला हात पातळ, झिरपणाऱ्या द्रव्याचा द्यावा आणि दोन-तीन दिवसांनी दुसरा हात दाट मेणाचा. पातळ द्रव्य फटीत शिरतं, दाट मेण वरून झाकतं.

कसं सोडायचं?

नळी भोकातून पार शेवटपर्यंत आत घाला. मग फवारा सुरू करा आणि नळी सावकाश मागे ओढत या. घाई केली तर मध्ये कोरडे पट्टे राहतात. दारात खालचा काठ आणि दोन्ही कोपरे महत्त्वाचे. उंबरठ्यात पुढून आणि मागून अशा दोन्ही बाजूंनी सोडा. मेण खालच्या भोकांतून आणि जोडाच्या कडेने टिपकू लागलं की आतवर पोचलं असं समजा. गाडीखाली जुने पुठ्ठे अंथरा, नाहीतर अंगणात डाग पडतील.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हीर घेऊन सगळी भोकं तपासा. मेणाने भोक बुजलं तर आपणच पन्हळ बंद केली असं होईल. हे काम विसरू नका.

काही जागा टाळायच्या. ब्रेकच्या चकतीवर आणि ड्रमवर, सायलेन्सरवर, वायरच्या जोडांवर मेण जाता कामा नये. मधल्या खांबात सीटबेल्टची गुंडाळी असते. तिच्यावर मेण गेलं तर बेल्ट अडकू शकतो, म्हणून तिथे माहीतगारालाच हात घालू द्या. नवीन भोक पाडायची वेळ आली तर तेही स्वतः करू नका. पत्र्याजवळून पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी आणि वायरी गेलेल्या असतात.

हे द्रव्य ज्वालाग्राही असतं. काम उघड्यावर करा, बॅटरीची तार सुटी करा, जवळ विडी-सिगारेट, उदबत्ती, चूल काही नको. नाकाला मास्क, हातात मोजे. मुलांना लांब ठेवा. वास पूर्ण गेल्याशिवाय काचा बंद करून गाडीत बसू नका.

गॅरेजमध्ये काय बोलायचं?

पुष्कळ जणी सांगतात, आम्ही तर गंजाचं कोटिंग करून घेतलं आहे. ते बहुतेक वेळा अंडरबॉडी कोटिंग असतं, म्हणजे गाडीच्या तळाला बाहेरून मारलेला काळा थर. चाकांनी उडवलेल्या खडीपासून तो तळाला वाचवतो, त्याचा उपयोग आहेच. पण तो पोकळीच्या आत जात नाही. करंजीला बाहेरून कितीही तूप लावलं तरी आतल्या सारणाला ते लागत नाही.

म्हणून सरळ विचारा, "दादा, दारांच्या आणि रनिंग बोर्डच्या आत मेण मारणार का? नळी आत घालून मारणार का?" काम आपल्यासमोर करून घ्या. आधी मारलेला काळा थर जुन्या गंजावरच मारलेला असेल तर तो खरवडून पाहायला सांगा. गंजावर मारलेल्या डांबरी थराखाली पाणी अडकतं आणि पत्रा झाकल्या अंगाने सडत राहतो.

दाराचं आतलं पॅड काढलं तर मागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला दिसेल. तो कचरा नाही. दारात उतरलेलं पाणी गाडीच्या आत येऊ नये म्हणून तो असतो. फाडून फेकला तर पावसात पायाखाली तळं साचतं. तो जसाच्या तसा परत लावून घ्या.

आणि पत्रा कापून वेल्डिंग करायचं असेल तर ते आधी, मेण नंतर. वेल्डिंगच्या आचेने आतला सगळा लेप जळतो. गाडीला पूर्वी मेण मारलेलं असेल तर वेल्डिंग करणाऱ्याला आधी सांगा, कारण ते पेट घेऊ शकतं.

रोजच्या चार सवयी

हर्णैसारख्या बंदरावर मासळीचा लिलाव वाळूतच होतो, गाडी पाण्याजवळ न्यावीच लागते. त्याला इलाज नाही. पण घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडीचा तळ आणि चाकांच्या वरचा भाग धुवा. मासळीच्या क्रेटखाली काठ असलेला ट्रे ठेवा. वितळलेल्या बर्फाचं खारट पाणी गाडीच्या जमिनीवर सांडलं की ते जोडांतून थेट पोकळीत उतरतं. हौसेखातर किनाऱ्यावर गाडी पळवणं मात्र टाळाच.

गाडी गवतावर किंवा ओल्या मातीवर उभी करू नका. जांभ्याच्या चिऱ्यांवर, वारा खेळेल अशा मांडवाखाली उभी करा. ताडपत्रीत घट्ट गुंडाळून ठेवलेली गाडी आतून घामेजते. पावसाळ्यात चार दिवस उघडीप मिळाली की मॅट काढून दारं उघडी ठेवा. आपण गाद्यांना ऊन देतो तसं गाडीलाही द्यायचं.

मैत्रिणींचे प्रश्न

*जुनं काळं इंजिन ऑइल फुकट मिळतं. तेच मारलं तर?*
पूर्वीपासून लोक मारत आले आहेत, पण मारू नका. वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनातली काजळी आणि आम्लं उतरलेली असतात, रबर त्याने फुगतं, आणि ते कातडीला वारंवार लागणं आरोग्याला घातक आहे. शिवाय टिपकून विहिरीच्या दिशेने झिरपतं. फुकटात पडणारी ही गोष्ट महागात जाते.

*खोबरेल किंवा जवसाचं तेल चालेल का?*
खोबरेल आणि गोडं तेल नको. ते खवट होतं, त्यातली आम्लं पत्र्यालाच त्रास देतात, मुंग्या आणि उंदीर येतात ते वेगळेच. जवसाच्या तेलाची गोष्ट निराळी. ते हवेत सुकून पापुद्रा धरतं, आणि एके काळी विमानांच्या पोलादी नळ्यांत आतून गरम जवस तेल फिरवून ठेवत असत. पण जवस तेलाने भिजलेलं फडकं बोळा करून टाकलं तर ते आपोआप पेट घेऊ शकतं. घरगुती वापरासाठी तयार मेणच बरं.

*एकदा मारलं की कायमचं झालं का?*
नाही. दरवर्षी मे महिन्यात पाहायचं, जिथे थर पातळ झाला असेल तिथे पुन्हा एक हात द्यायचा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे टाळू नये.

*गंज लागलेलाच आहे. आता मारून काय उपयोग?*
उपयोग आहे. लागलेला गंज जात नाही, पण त्याचं पाणी आणि हवा तोडली की त्याची चाल मंदावते. मात्र पत्र्याला आरपार भोक पडलं असेल, जॅकची जागा दबत असेल, सीटबेल्टच्या किंवा चाकाच्या आधाराजवळ पत्रा कुरकुरीत झाला असेल, तर मेणाने भागणार नाही. तिथे सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायला हवा. लांबी भरून रंग मारण्याचा सल्ला कुणी दिला तर तिथून निघा. आणि ते होईपर्यंत त्या गाडीत मुलं बसवू नका.

मैत्रिणींनो, उद्या सकाळी एवढं तरी करा. अंगण झाडून झालं की खराट्याचा एक हीर काढा आणि गाडीच्या चारही दारांखालची भोकं उघडी आहेत का ते पाहा. त्याला पाच मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही. पाणी गळालं तर समजा, वेळेवर पाहिलं. मेणाचं काम त्यानंतर या उन्हातच उरका. ऊन आहे तोवरच ते होणार आहे.